कंदिलाचा परिच्छेद

शिवकांताबाईंच्या हाताखालून गेलेली पोरं बाकी सगळं विसरली, पण निबंधाचा शेवट काही विसरली नाहीत. समास गेले, वृत्तं गेली, कर्मणी प्रयोग तर शाळेच्या फाटकापाशीच सांडला. तरीही मुदखेडच्या आसपास आजही अशी माणसं भेटतात, कुणी रेल्वेत, कुणी फुलांच्या व्यापारात, कुणी तहसिलीत, ज्यांना झोपेतून उठवलं तरी ती धडाधडा म्हणून दाखवतील:

'शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते, की अंधार कितीही दाट असला तरी हातातला कंदील पुढची चार पावले दाखवतोच. ती चार चालले की पुढची चार दिसतात. हा कंदील विझू न देणे हेच आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.'

हा बाईंचा परिच्छेद. कुठून उचललेला नव्हे, त्यांनी स्वतः रचलेला. आंबेदऱ्याच्या शाळेत नोकरीला लागल्या तेव्हा गावात विजेचे खांब उभे होते, तारा यायच्या होत्या. कंदिलाची काच पुसून त्या वह्या तपासायला बसत आणि पोरांचे निबंध सगळे अर्ध्यावर तुटलेले असत. गाय दूध देते, शेण देते, आणि संपलं. बाईंना ते बघवेना. एका निबंधाला त्यांनी हा शेवट लिहून दिला आणि मग तो सगळ्यांचाच झाला. 'पाणी हेच जीवन'ला तो बसला, 'हुंडा एक शाप'ला बसला, 'माझा आवडता ऋतू'लाही जरा ओढूनताणून बसला. कवितेचं रसग्रहण असेल तर 'कवीने हा कंदील आपल्या हाती दिला आहे' एवढा बदल करायचा. पुढं वीज आली, टीव्ही आले, 'मोबाइल शाप की वरदान' आलं. मोबाइलखाली कंदील ठेवताना बाईंना स्वतःलाच जरा अवघडल्यासारखं झालं, पण तिथंही तो बसला.

परीक्षेची शेवटची घंटा व्हायच्या आधी बाई बाकांमधून फिरत आणि टेबलावर बोटानं टकटक करत. "पाच मिनिटं राहिली. कंदील लावा रे," म्हणत. मग सगळा वर्ग खाली मान घालून कंदील लावायचा.

याला त्यांच्याकडं कारण होतं. तपासणारा माणूस दमलेला असतो, त्याच्या पुढ्यात गठ्ठाच्या गठ्ठा पडलेला असतो, त्याच्या घरी त्याची म्हणून दुखणी असतात. तुमच्या निबंधातून उठून जाताना त्याच्या मनात उजेड राहिला पाहिजे. असं त्या नांदेडच्या एका शिक्षक शिबिरात बोलल्या होत्या. लोकांनी परिच्छेद उतरून घेतला, टाळ्या वाजवल्या. तिथून तो कुणाकुणाच्या हाती गेला याचा बाईंनी पुढं कधी विचार केला नाही.

निवृत्त होऊनही त्यांनी गाव सोडलं नाही. मुलगा पुण्याला बोलावून थकला. संध्याकाळी ओसरीवर चार पोरं दप्तरं घेऊन येत, तेवढ्यावर बाईंचा दिवस भरून जाई. त्या चारांत समीक्षा होती, गवंडीकाम करणाऱ्या पंढरीची मुलगी. पंढरीही बाईंचाच विद्यार्थी. सातवीनंतर त्याच्या हातात थापी आली. पण घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांची फळी होती आणि पोरांनी शिकलं पाहिजे यावर त्या घरात कधी चर्चा होत नसे. दिवस उगवतो तसं ते धरून चाललेलं.

लातूरची एक संस्था दरवर्षी खेड्यातली मोजकी पोरं निवडते. अकरावी-बारावीची दोन वर्षं राहणं, जेवण, क्लास, सगळं संस्थेचं. निवडीचा एक पेपर मराठीचा, त्यात एक वादाचा निबंध आणि एक कवितेवरचा. बाईंची चारही पोरं नांदेडच्या केंद्रावर जाऊन बसली. परत आली तेव्हा बाईंनी समीक्षाला एवढंच विचारलं, "कंदील लावला ना गं?"

"हौ बाई."

मे महिन्यात यादी लागली. चौघांत एकट्या समीक्षाचं नाव होतं. पेढे वाटून झाल्यावर पंढरीला फोन आला. उत्तरपत्रिकेबद्दल शंका आहे, मुलीला घेऊन या, शिकवणाऱ्या बाई असतील तर त्यांनाही आणा. शंका मिटली तर जागा तिची, नाही तर पुढच्या नावाला.

अशी ती तिघं पहिल्या गाडीनं नांदेडला आणि तिथून लातूरच्या एसटीत बसली. लोहा मागं पडलं. ऊन अजून चढायचं होतं, पण खिडकीची पट्टी आत्ताच तापली होती. पंढरीनं पुढच्या सीटवरून मागं वळून बघितलं. लेकीचा चेहरा बघून त्याला काहीतरी हलकं बोलावंसं वाटलं असावं.

"बाई, मी बैलपोळ्याला बी कंदील लावला होता. आठवतंय का?"

"आठवतंय की. बैलांच्या शिंगाला बांधला होतास. 'कंदील विझू न देणे हे बैलाचे कर्तव्य आहे.'"

"दहापैकी सहा दिले तुमी."

"बैलाकडं बघून दिले. तुझ्याकडं बघून चार दिले असते."

समीक्षा हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. बाईंनी तिचा हात धरला.

"भिऊ नकोस. तोंडी विचारलं तर सरळ सांगायचं. वादाच्या निबंधाला शेवट कशासाठी असतो?"

"आपलं मत पुन्हा ठामपणे सांगण्यासाठी."

"आणि शेवटात काय आणायचं नाही?"

"नवीन मुद्दा."

"का?"

"कारण त्याला आधार द्यायला जागा उरत नाही."

"बस. एवढं आलं तुला."

अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. लातूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. संस्थेचं ऑफिस औसा रोडला, क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत. वरच्या मजल्यावर पोरं जिन्यातून खाली-वर करत होती, सगळ्यांच्या पाठीवर सॅक आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर अपुऱ्या झोपेची कळा. समीक्षा त्यांच्याकडं बघत जिन्याच्या कडेला उभी राहिली. तिला तिथं यायचं होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आत दोघं होती. संस्थेच्या अध्यक्षा उमादेवी, निवृत्त प्राचार्या, सुती साडी, आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानावरचा. आणि ज्यांनी पेपर तपासले ते मल्लेश सर, उदगीरकडचे, तरुण. त्यांनी बाईंना खुर्ची दिली. पंढरी दाराजवळच्या स्टुलावर टेकला.

मल्लेश सरांनी एक गाईड पुढं सरकवलं. "बाई, राग मानू नका. हे वाचा आधी."

बाईंनी चष्मा लावला. 'कोणत्याही निबंधासाठी उपयुक्त समारोप' असा मथळा आणि खाली त्यांचा परिच्छेद. त्यांना हे कधी दिसलं नव्हतं. क्षणभर, खोटं कशाला सांगायचं, त्यांना बरंच वाटलं.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या. "फक्त पावलं चार होती. यांनी 'काही पावले' केलीत."

"तुमचं म्हणजे?"

"म्हणजे मी लिहिलेलं."

"गाईडवर नाव दुसऱ्याचं आहे."

"असेल. कंदील माझा आहे."

उमादेवींनी हात वर केला. "कुणाचा का असेना. मुलीचा नाही ना?"

बाईंनी गाईड मिटलं.

"आणि मला खटकलं ते हे नव्हतंच," मल्लेश सर म्हणाले. "निम्मी पोरं हाच शेवट करतात. आम्ही मार्क कापतो आणि पुढं जातो. मला खटकलं ते वरचं." त्यांनी उत्तरपत्रिका उघडली. "विषय होता, पट कमी म्हणून गावातली लहान शाळा बंद करून पोरं मोठ्या गावच्या शाळेत पाठवावीत का. हिनं मांडणी फार चांगली केली आहे. यादीत नाव आलं ते त्यामुळंच. पण पुढं लिहिलंय, की शाळा बंद झाल्यावर हिचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावाला जाताना ओढ्यात वाहून गेला. आणि त्याच्या खालच्याच ओळीत कंदील. बाई, ज्याचा भाऊ गेला तो असं लिहील का? खरं सांगतो, मला वाटलं, भाऊसुद्धा गाईडातलाच."

वर पंखा फिरत होता. दाराजवळचं स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"न्हाई सर," पंढरी उभा राहून म्हणाला. "माझा हुता. आदर्श नाव. दुसरीत हुता."

मल्लेश सरांनी त्याच्याकडं बघितलं, मग टेबलाकडं. हातातलं पेन त्यांनी उगीचच उघडलं, मिटलं. "माफ करा," म्हणाले.

बाईंनी उत्तरपत्रिका ओढून घेतली. समीक्षानं काय लिहिलं होतं ते त्या आज पहिल्यांदा वाचत होत्या. अक्षर त्यांनीच वळवलेलं. मोठ्या शाळेच्या बाजूचे मुद्दे तिनं आधी प्रामाणिकपणे मांडले होते: प्रयोगशाळा, मैदान, विषयाला वेगळा शिक्षक. मग आंबेदऱ्याचा ओढा आला, ओढ्यावरची फरशी आली, जिच्यावरून उन्हाळ्यात बैलगाडी जाते आणि श्रावणात पाणी. सकाळी फरशी उघडी होती असं तिनं लिहिलं होतं. पाऊस गावात नव्हता, वर कुठंतरी झाला होता. पोरं शाळेला जाताना ओढ्यापाशी आली आणि कुणीतरी पाणी आलं म्हणून ओरडलं. मोठी पोरं अलीकडं होती, धाकटा फरशीवर होता. एक चप्पल फरशीखालच्या नळीच्या तोंडाशी अडकलेली सापडली.

आणि मग: शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते.

बाईंनी तो परिच्छेद वाचला. हजारदा वाचलेला, हजारदा लाल शाईनं 'छान' लिहिलेला. कंदील पुढची चार पावले दाखवतोच. ती चार चालले की पुढची चार दिसतात. त्यांना ते पोर फरशीवर चालताना दिसलं.

आदर्श गेला तेव्हा त्या भेटायला गेल्या होत्या. पुण्यानुमोदनाला शेवटपर्यंत बसल्या होत्या. तिथं लोक बोलले तशा त्याही चार शब्द बोलल्या होत्या. काय बोललो असू आपण, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथंच दाबला. माहीत होतं त्यांना काय बोलल्या असतील ते.

"हे इथं काहून लावलंस गं?" त्यांनी हळूच विचारलं.

समीक्षानं त्यांच्याकडं बघितलं. तिला प्रश्नच कळला नसावा.

"पाच मिनिटं राहिली होती, बाई," ती म्हणाली.

उमादेवींनी कोरा कागद काढला. "मुलीचं खरं आहे, हे मला कळलं. पण कमिटीपुढं मला काहीतरी ठेवावं लागेल. बाळ, वरचं सगळं तुझंच आहे. शेवट तेवढा पुन्हा लिही. इथं बसून, आमच्यासमोर. बाई, तुम्ही दोघं जरा बाहेर बसा."

बाहेर व्हरांड्यात बाकडं होतं. पंढरी गुडघ्यावर हात टाकून बसला. त्याच्या बोटांच्या पेरांत सिमेंट घट्ट बसलेलं होतं, सणाच्या दिवशीही ते निघत नसे.

"बाई, येईल का तिला?"

"येईल."

"तुमी काही सांगितलं न्हाई तिला आत जाताना."

"सांगण्यासारखं नव्हतं."

हे खरं होतं. बसल्या बसल्या बाईंनी स्वतः तो शेवट लिहून बघितला. शासनाने विचार करावा, असं एक वाक्य आलं. समाजाने पुढे यावे, असं एक आलं. एकेक वाक्य पोराच्या त्या चपलेपाशी नेऊन ठेवलं की ते तिथं टिकेना. इतकी वर्षं शेवट शिकवला आणि आज एक ओळ हाती लागत नव्हती. जिन्यात क्लासची पोरं मोठ्यानं सूत्रं पाठ करत होती.

"तिची आई अजून संध्याकाळची फरशीपाशी जाऊन बसती," पंढरी मध्येच म्हणाला. "बोलत न्हाई काही. बसती, अंधार पडला की येती."

थोड्या वेळानं आतून बोलावणं आलं.

उमादेवींचा चेहरा बदललेला होता. कागद त्यांच्या हातात होता आणि डोळ्यांत शिक्षकाला चांगला पेपर सापडल्यावर येते ती चमक. "बाई, बसा. ऐका हे."

"मॅडम," समीक्षा पटकन म्हणाली, "मनात वाचा ना."

"अगं, चांगलं लिहिलंस. लाजतेस कशाला?"

"मनात वाचा," ती पुन्हा म्हणाली, पण उमादेवींचा आवाज सुरू झाला होता. त्यांना असं वाटलं, की पोरगी बापासमोर संकोचते आहे. तसं खरंच होतं, फक्त कारण वेगळं होतं.

"म्हणून माझे उत्तर नाही असे आहे," उमादेवी वाचू लागल्या. "मोठ्या शाळेत प्रयोगशाळा आहे, मैदान आहे, हे मी वर मान्य केले आहे. पण जे मूल वर्गात पोचते त्यालाच त्याचा उपयोग. माझा भाऊ पोचला नाही. त्या दिवशी त्याला जायचे नव्हते. तो दाराची चौकट धरून बसला होता. माझ्या वडिलांनी त्याची समजूत घातली आणि त्याला पाठवले, कारण शिकले पाहिजे असे आमच्या घरी सगळेच मानतात. त्यांचे चुकले नाही. पाठवणाऱ्याचे काही चुकले नसतानाही मूल घरी परत येत नसेल, तर ते अंतर मुलाने चालायचे नसते. शाळेने चालायचे असते."

कागद खाली आला. मल्लेश सरांनी मान हलवली, एकदाच.

बाईंना आधी नियम आठवला. शेवटात नवीन मुद्दा आला होता. चौकट धरून बसलेलं पोर वर कुठंच नव्हतं, ते इथं खाली आलं होतं. आणि त्याच्याशिवाय शेवट झाला नसता, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. मग त्यांनी पंढरीकडं बघितलं.

तो भिंतीकडं बघत होता. ही गोष्ट घरात कुणी कधी बोललं नसणार, हे त्याच्याकडं बघून कळत होतं. पोरीनं त्या सकाळी पाहिलं होतं आणि आजवर पोटात ठेवलं होतं. ते फक्त आपल्याच पोटात आहे, असं तो समजत होता.

"जागा तिची," उमादेवी म्हणाल्या. "हा पालकांच्या संमतीचा कागद. इथं सही करा. पंधरा तारखेला सामान घेऊन यायचं."

पंढरी टेबलापाशी आला. पेन घेतलं. कागदावर हात ठेवला, अक्षरांवरून बोट फिरवलं, जणू भिंतीचा ओळंबा बघत होता. मग पेनाचं टोपण लावलं आणि पेन जागेवर ठेवलं.

"विचारून सांगतो, मॅडम."

"कुणाला विचारायचंय? आईला? फोन करा की."

"सांगतो."

"हे बघा, यादी आज बंद होते. पाचपर्यंत सही झाली नाही तर देवणीची एक मुलगी पुढं आहे, तिला कळवावं लागेल. तिच्याही घरचे वाट बघत असतील."

"हौ," पंढरी म्हणाला आणि बाहेर पडला.

खाली रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती, तिच्यामागं लिंबाची सावली. बाईंनी त्याला तिथं गाठलं. समीक्षा दोन पावलं मागं.

"पंढरी, वर चल. सही कर."

"न्हाई होत, बाई."

"काय नाही होत? सही?"

"पाठवणं."

बाई चिडल्या. चिडल्यावर त्यांचा वर्गातला आवाज परत येई. "अरे, लातूर आहे हे. ओढा नाही इथं. होस्टेलला वॉर्डन आहे, दाराला वॉचमन आहे. तुझी पोरगी कशातून वर आली ते बघितलंस ना आत्ता? साऱ्या जिल्ह्यात असं लिहिणारं पोर नाही."

"तेच तर," पंढरी म्हणाला. "तिनं लिवलेलं खोटं हाय का, बाई? तुमी सांगा. तुमी तपासा."

खोटं म्हणायची सोय नव्हती.

"बाबा," समीक्षा पुढं आली. "ते लहान पोरांबद्दल हाय. निबंधाचा विषयच तो हाय. मी मोठी हाय."

"मोठी हायस की." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "त्या दिवशी बी मी हेच म्हणलो. तू आता मोठा झालास, मोठ्या शाळेत जायचं, म्हणलो. चौकट सोडली मग त्यानं."

रिक्षा, मोटारसायकली, क्लास सुटलेली पोरं, सगळं त्यांच्या बाजूनं जात होतं. टपरीवाला चहा हवा का विचारून गेला.

"त्याला जायचं नव्हतं," बाई म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता. "हिला जायचंय. फरक आहे, पंढरी."

"फरक हाय. पण पाठवणारा मीच ना, बाई. एकदा समजूत घातली. आता कुणाची घालायची ताकद न्हाई. हिची न्हाई, हिच्या आईची न्हाई, माझी तर न्हाईच." तो थांबला. "मुदखेडला घालतो अकरावीला. सकाळी जाईल, दुपारी येईल. रोज दिसंल."

बाईंनी अजून बोलून बघितलं. त्यांनी आपल्या हाताखालून गेलेल्या मुलींची नावं घेतली, कोण नर्स झाली, कोण औरंगाबादला वकील झाली. त्यांनी बाबासाहेबांचं नाव घेतलं, तेव्हा पंढरीनं हात जोडले आणि मान खाली घातली, पण पाय हलला नाही. त्यांनी उद्याच्या दिवसाबद्दल काहीतरी सुरू केलं आणि वाक्य अर्धं झाल्यावर स्वतःच सोडून दिलं, कारण ते कुठं चाललंय ते त्यांना ऐकू आलं. समोरचा माणूस दमलेला होता. त्याला काही दाखवायची गरज नव्हती. त्यानं सगळं बघितलेलं होतं.

शेवटी समीक्षाच म्हणाली, "राहू द्या, बाई."

ती एकटीच वर गेली. उमादेवींना काय सांगितलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. खाली आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. तो कागद, ज्यावर तिनं नवा शेवट लिहिला होता, तोही संस्थेकडंच राहिला.

चारच्या गाडीत जागा मिळाली. पंढरी पुढं बसला, या दोघी मागं. चाकूरपर्यंत समीक्षा खिडकीबाहेर बघत राहिली. नांगरून पडलेली रानं, त्यांत एकटीदुकटी बाभळ. अहमदपूरच्या पुढं ती बाईंकडं वळली आणि वडिलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाई, ते चौकटीचं वाक्य लिहायला नको होतं ना? नवीन मुद्दा झाला तो."

बाईंना नियम सांगता आला असता. नियम त्यांचाच होता. हो म्हटलं असतं तर पोरीनं ते वाक्य जन्मभर खोडत बसायचं. आणि नाही म्हटलं, तर ज्या वाक्यानं तिचं लातूर गेलं तेच बरोबर होतं, असं तिला ठेवून घ्यावं लागणार होतं. दोन्हींतलं कुठलं जड, ते बाईंना कळेना. गाडी एका फाट्यावर थांबली, माणसं उतरली, चढली, पुन्हा सुटली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "ते वाक्य काढलं तर शेवट उभा राहत नाही."

"मग बरोबर आला का?"

"बरोबर आला."

समीक्षानं मान हलवली, वह्या परत मिळाल्यावर हलवायची तशी. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं ओढणीनं कपाळ पुसलं आणि पाय सीटखाली ओढून घेतले.

लोह्याला गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. पंढरी उतरला. त्यानं पाण्याची बाटली घेतली आणि खिडकीखाली येऊन ती वर धरली. पोरीनं आधी बाईंना दिली, मग स्वतः प्याली. तो तिथंच उभा होता, मान वर करून, ती पिते आहे ते बघत. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

समीक्षानं खिडकीतून हात बाहेर काढून त्याचं मनगट धरलं.

"बाबा, वर या," ती म्हणाली. "गाडी निघून राहिली."